बर्नार्ड पॅलिसी आणि त्याची भट्टी

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत सुमारें १५१० सालीं बर्नार्ड पॅलिसी याचा जन्म झाला. लॅटिन अगर ग्रीक भाषा त्यास येत नव्हती. कांचेवर चित्रें रंगविणें हा त्याचा मूळ धंदा. पुढें तो जमिनीची मोजणी शिकला व सँत या गांवीं बायकामुलांसह राहूं लागला.

एके दिवशीं मातीचा एक पेला त्याच्या दृष्टीस पडला. त्यावरील झिलई पाहून तो इतका मोहित झाला कीं, अशीच झिलई आपण करावयाची असें त्यानें मनाशीं ठरविलें. वास्तविक कथलाच्या योगानें होणारी पांढरी झिलई इटलींतील कुंभारांस पूर्वींच साधली होती. तेथें जाऊन ती शिकून यावी, हा मार्ग पॅलिसीनें धरिला नाहीं. हा त्याचा निव्वळ हट्ट होता असें कोणी म्हणेल, तर आम्ही वाद घालणार नाहीं.

त्यास मातीची पारख नव्हती. भट्टी कशी रचावी हेंही ठाऊक नव्हतें. मडकीं आणून फोडावीं, खापऱ्यांवर निरनिराळीं द्रव्यें कुटून लावावीं, कोणत्या खापरीवर काय लाविलें तें टिपून ठेवावें आणि त्या भाजावयास घालाव्या, असा क्रम कित्येक वर्षें चालला. मध्यंतरीं सरकारी मीठकराकरितां मिठागरें मोजण्याचें काम त्यास मिळालें. परंतु पैसा हातीं येतांच पुन्हां खापऱ्या! शेवटीं कांचकारांच्या भट्टींत त्यानें तीनशेंहून अधिक नमुने घातले. त्यांतील एक खापरी मात्र पांढरी व तकतकीत निघाली.

त्या एका खापरीच्या भरंवशावर त्यानें पाठीवरून विटा वाहून घरींच भट्टी बांधिली. सहा दिवस व सहा रात्री तो तिच्यापुढें बसून होता, पण झिलई वितळेना. त्यानें नवें मिश्रण केलें, तों जळण संपलें. तेव्हां बागेच्या कुंपणाचे खांब भट्टींत गेले. त्यांमागून घरांतील मेजें व जमिनीची तक्तपोशीही गेली! गांवांत कोणी त्यास वेडा म्हणूं लागले, कोणी खोटीं नाणीं पाडणारा ठरवूं लागले. त्याच्या पत्नीनेंही त्यास बोल लाविला. घरांत कर्ज, तान्ह्या मुलांच्या दाईंचें वेतन थकलेलें, आणि पायांखालची फळी उखडून जाळलेली. अशा स्थितींत त्या बाईचा दोष तो काय?

पुढें उसनवारी करून त्यानें आणखी एक भट्टी लाविली. या वेळीं झिलई वितळली; परंतु भट्टीच्या बांधणींतील चुन्यांत गारगोट्यांचे तुकडे होते, ते उष्णतेनें फुटून प्रत्येक भांड्यास चिकटले. लोक तीं भांडीं स्वस्तांत घेण्यास तयार होते. घरीं पैशाची अत्यंत निकड असतांही पॅलिसीनें एकूण एक भांडें फोडून टाकिलें, व तो अंथरुणास खिळला. हें कृत्य योग्य होतें कीं नाहीं, यावर आमचें मन अजून द्विधा आहे. परंतु तो उठला तो खिन्न होऊन बसण्यासाठीं नव्हे. प्रथम चित्रें रंगवून त्यानें चार पैसे मिळविले आणि मग पुन्हां भट्टी पेटविली. पुढें एकदां उडती राख ओल्या झिलईस चिकटून माल बिघडला, तेव्हां भांड्यांवर घालावयाचीं मातीचीं आवरणें त्यानें तयार केलीं.

अशीं सुमारें सोळा वर्षें गेलीं. ज्या पेल्यापायीं हें सारें झालें तसल्या पेल्याकरितां तो प्रसिद्ध झालाच नाहीं. सरडे, साप, मासे व शिंपले ज्यांवर जिवंत भासतात अशा रंगीत ताटांनीं त्याचें नांव केलें. राणी कॅथरिन द मेदिची हिनें त्यास पॅरिस येथें आपल्या त्वीलरी वाड्याच्या कामावर घेतलें. त्याच शहरीं १५७५ पासून तो व्याख्यानें देऊं लागला. प्रवेशास शुल्क असे; मात्र आपलें म्हणणें कोणीं खोटें ठरविल्यास चौपट रक्कम परत करण्याचें त्यानें जाहीर केलें होतें. दगडांत सांपडणारे शिंपले हे एके काळीं खरोखरच सजीव प्राण्यांचे होते, असें तो प्रतिपादीत असे.

तो प्रॉटेस्टंट मताचा होता व तें मत सोडण्यास त्यानें नकार दिला. म्हणून वृद्धपणीं त्यास बॅस्टील तुरुंगांत टाकण्यांत आलें. तेथेंच १५९० च्या सुमारास त्याचा अंत झाला. त्याच्या त्वीलरी येथील कारखान्याच्या जागीं १९८० नंतरच्या दशकांत उत्खनन झालें, तेव्हां मातींतून त्याचे सांचे आणि फुटक्या खापऱ्या निघाल्या.