पेनिसिलीनवाले फ्लेमिंग शेतकऱ्याचेच पुत्र

शेतकरी बंधूंनो, गाईच्या सडात डॉक्टर पेनिसिलीनची ट्यूब सोडतात ना? ते शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग १८८१ साली स्कॉटलंडात शेतकऱ्याच्याच घरी जन्मले. १९२८ साली लंडनच्या प्रयोगशाळेत त्यांच्या बशीत बुरशी आली अन् भोवतालचे जंतू विरघळले. (औषध म्हणून ते उभं केलं फ्लोरी आणि चेन यांच्या चमूनं.) पेनिसिलीन जंतूची भिंत बांधू देत नाही, स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या आतलं प्रथिनं बनवण्याचं काम बिघडवतं. म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नका. अपुऱ्या डोसानं जंतू निर्ढावतात, हे फ्लेमिंगनी १९४५ साली नोबेल घेतानाच बजावलं होतं. १९५५ साली ते वारले. आणि हो, ट्यूब सोडल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका. त्याचं विरजणसुद्धा धड लागत नाही.