लाइटच्या कंपनीचे शेअर कधी बुडत नसतात, या भरवशाला सॅम्युअल इन्सुलने सुरुंग लावला

16 जुलै 1938. पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर 78 वर्षांचा एक म्हातारा हार्ट अटॅकने कोसळला आणि तिथेच गेला. खिशात थोडी चिल्लर सोडली तर हाती लागण्यासारखं काही नव्हतं.

नऊच वर्षांपूर्वी हाच माणूस अमेरिकेतल्या सगळ्यात ताकदवान उद्योगपतींपैकी एक होता. तीसहून अधिक राज्यांत त्याच्या कंपन्यांची वीज जायची. टाइम मॅगझिनने त्याला दोनदा कव्हरवर घेतलं होतं. त्याचं नाव सॅम्युअल इन्सुल.

शेअर बाजारात आजही एक सल्ला हमखास मिळतो. बाजार डळमळला की वीज, गॅस, साबण, औषधं असल्या कंपन्यांत पैसे ठेवा. धंदा थांबत नाही आणि डिव्हिडंड येत राहतो. यांनाच डिफेन्सिव्ह शेअर म्हणतात. सल्ला वाईट नाही, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. ती कोणती, ते इन्सुलच्या आयुष्यात दिसतं.

एडिसनचा सेक्रेटरी

इन्सुलचा जन्म 1859 चा, लंडनचा. घरची परिस्थिती बेताची. तिथे तो थॉमस एडिसनच्या एजंटकडे कामाला लागला आणि 1881 मध्ये, वयाच्या 21 व्या वर्षी, थेट एडिसनचा खासगी सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत पोचला. एडिसन शोध लावायचा आणि हिशोब इन्सुल बघायचा.

1892 मध्ये एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक तयार झाली. इन्सुलने तिथली मोठी खुर्ची सोडली आणि शिकागो एडिसन या छोट्या कंपनीचा अध्यक्ष झाला. तेव्हा वीज ही श्रीमंतांची चैन होती.

इन्सुलच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. वीज साठवून ठेवता येत नाही. संध्याकाळच्या गर्दीसाठी उभारलेली यंत्रं उरलेला दिवस रिकामी पडून राहतात. मग दिवसा कारखाने, सकाळ-संध्याकाळ ट्राम, रात्री घरं असे वेगवेगळ्या वेळेचे ग्राहक जोडले, तर तीच यंत्रं दिवसभर कमाई करतील. त्याने दर कमी केले, ग्राहक वाढवले. 1903 मध्ये त्याने प्रचंड मोठं स्टीम टर्बाइन बसवलं. 1907 मध्ये कॉमनवेल्थ एडिसन कंपनी उभी राहिली आणि शिकागोत वीज सामान्य माणसाच्या घरात पोचली.

ग्राहकच झाला मालक

विस्ताराला पैसा लागतो. इन्सुलने तो फक्त बँकांकडून न घेता ग्राहकांकडूनही उभा केला. कंपनीचे कर्मचारीच ओळखीपाळखीत शेअर विकायचे. शिक्षक, कारकून, विधवा बायका, सगळ्यांनी ते घेतले. विश्वास बसायला कारणही होतं. माणूस मंदीत नवी गाडी घेणं लांबवतो, पण घरातला दिवा विझवून बसत नाही. आणि डिव्हिडंड वेळच्या वेळी येत होता.

अडचण धंद्यात नव्हती, ती भावात होती.

1929 च्या सुरुवातीला कॉमनवेल्थ एडिसनचा शेअर 200 डॉलरच्या आसपास होता. ऑगस्टपर्यंत तो 450 च्या आसपास गेला. आठ महिन्यांत शिकागोतले दिवे काही दुप्पट झाले नव्हते.

हिशोब करून बघा. समजा शेअरवर वर्षाला 8 डॉलर डिव्हिडंड मिळतो. 200 ला घेतला तर परतावा 4 टक्के. 450 ला घेतला तर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी चांगल्या कंपन्यांचे बाँड साडेचार टक्क्यांहून जास्त व्याज देत होते. म्हणजे डिव्हिडंडच्या नावाखाली लोक भाव आणखी वाढेल यावर पैसे लावत होते. शेअर सुरक्षित म्हणून घेतला जात होता, आणि तो घ्यायला एवढी झुंबड उडाली होती की त्यातली सुरक्षितताच संपली होती.

मजल्यावर मजला

त्यात इन्सुलने मजल्यावर मजले चढवले होते. तळाला वीज बनवणाऱ्या कंपन्या. त्यांचे शेअर मिडल वेस्ट युटिलिटीज या होल्डिंग कंपनीकडे. त्याच्याही वर इन्सुल युटिलिटी इन्व्हेस्टमेंट्स. प्रत्येक मजल्यावर कर्ज. अशा रचनेत खाली नफा थोडा वाढला की वरचा शेअर उसळतो, आणि खाली थोडी घसरण झाली की वरचा मजला आधी कोसळतो.

ऑक्टोबर 1929 मध्ये बाजार पडला. काही दिवसांतच, 4 नोव्हेंबरला, इन्सुलने उभारलेलं शिकागोचं भव्य ऑपेरा हाऊस थाटात सुरू झालं. त्याला वाटलं, हे वादळ निघून जाईल. सायरस ईटन नावाच्या गुंतवणूकदाराने त्याच्या कंपन्यांचे शेअर मोठ्या प्रमाणात जमवले होते. कंपन्या हातून जाऊ नयेत म्हणून 1930 मध्ये इन्सुलने ते सगळे 5.6 कोटी डॉलरला विकत घेतले, तेही बरंचसं कर्ज काढून. तारण काय, तर आपल्याच कंपन्यांचे शेअर.

भाव पडत गेले, तसं तारण अपुरं पडलं. बँकांनी आणखी शेअर मागितले आणि शेवटी द्यायला काही उरलं नाही. एप्रिल 1932 मध्ये मिडल वेस्ट युटिलिटीज बुडाली. जूनमध्ये इन्सुलने साठहून अधिक कंपन्यांतली पदं सोडली. लाखो छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे गेले. इन्सुलची स्वतःची संपत्तीही त्यातच गेली.

तो युरोपात निघून गेला, ग्रीसमध्ये राहिला. 1934 मध्ये त्याला इस्तंबूलमध्ये पकडून अमेरिकेत परत आणलं. खटले चालले आणि तो सगळ्यांतून निर्दोष सुटला. पण लोकांच्या लेखी तो दोषीच राहिला. 1935 मध्ये अमेरिकेने वीज क्षेत्रातल्या होल्डिंग कंपन्यांवर कडक कायदा आणला. त्यामागे या दिवाळ्याचा मोठा हात होता.

या सगळ्यात शिकागोतली वीज गेली नाही. कॉमनवेल्थ एडिसन दिवाळखोरीत निघाली नाही. ती आजही त्या शहराला वीज पुरवते. लोकांनी धंदा बरोबर ओळखला होता. तो कितीला घ्यायचा आणि त्यावर कर्ज किती आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.