फर्डिनांड पोर्शे : जवळच्या प्रवासाला वीज, दूरच्या प्रवासाला पेट्रोल

पोर्शे हे नाव उच्चारताच वेगवान आणि महागड्या स्पोर्ट्स कार डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्यांच्या आडनावावरून हे नाव आले, त्या फर्डिनांड पोर्शे यांच्या कारकिर्दीची सुरुवात विजेवर चालणाऱ्या, ताशी चाळीस किलोमीटरचाही वेग न गाठणाऱ्या मोटारीने झाली. रोजच्या जवळच्या प्रवासासाठी वीज आणि लांबच्या प्रवासासाठी पेट्रोल, ही आजच्या प्लग-इन हायब्रिड मोटारींमागील कल्पना आहे. तिचा उगम शोधू लागल्यास व्हिएन्नातील एका बग्गी कारखान्यापर्यंत आणि तेथे काम करणाऱ्या पंचविशीतील या तरुणापर्यंत मागे जावे लागते.

पत्र्याच्या दुकानातून व्हिएन्नाकडे

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. आज तो झेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे वडील आंटोन पोर्शे हे पत्र्याचे काम करणारे कुशल कारागीर होते. मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र विजेत गुंतले होते. गावातील गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे आले होते आणि त्यांनी या मुलाला झपाटून टाकले होते. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्ग येथील तंत्रशाळेत वर्ग, असा त्यांचा दिनक्रम होता. किशोरवयातच त्यांनी स्वतःच्या घरात विजेचे दिवे बसविले. तेव्हा कोठे वडिलांचा विरोध मावळला.

१८९३ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि बेला एगर यांच्या विद्युत उपकरणांच्या कंपनीत रुजू झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. कामावरून सुटल्यावर तंत्र महाविद्यालयातील व्याख्याने ते मागे बसून ऐकत असत. पुढे त्यांच्या नावामागे लागलेली डॉक्टर ही उपाधी सन्मानार्थ मिळालेली होती.

चाकातच मोटर

याकोब लोनर आणि कंपनी हा व्हिएन्नातील बग्ग्या बनविणारा नामांकित कारखाना होता. राजदरबाराच्या बग्ग्या तेथे तयार होत. घोड्यांचे दिवस संपत आल्याचे मालक लुडविग लोनर यांनी ओळखले होते. मात्र पेट्रोलच्या गाड्यांचा धूर आणि खडखडाट त्यांना नकोसा वाटे. त्यांनी विजेची वाट धरली आणि पोर्शे यांना आपल्या कारखान्यात घेतले.

पोर्शे यांनी विजेची मोटर पुढच्या चाकांच्या तुंब्यातच बसविली. त्यामुळे गिअर, साखळी, पट्टे अशा मधल्या सगळ्या यंत्रणेची गरज उरली नाही आणि घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचली. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ही लोनर-पोर्शे मोटार मांडली गेली आणि तिच्या तरुण रचनाकाराचे नाव युरोपभर झाले.

या मोटारीची अडचणही तितकीच स्पष्ट होती. शिसे आणि आम्ल यांवर चालणारी तिची बॅटरी सुमारे ४१० किलो वजनाची होती आणि एका चार्जिंगमध्ये गाडी जेमतेम ५० किलोमीटर धावत असे. शहरातील फेऱ्यांना हे अंतर पुरेसे होते. शहराबाहेर पडताच चालकाला परतीची चिंता लागे. अधिक बॅटऱ्या बसविणे हा या अडचणीवरचा सोपा उपाय वाटतो. तोही करून पाहण्यात आला. एका इंग्रज ग्राहकासाठी पोर्शे यांनी चारही चाकांत मोटर असलेली शर्यतीची गाडी बनविली. तिच्यातील बॅटरीचेच वजन सुमारे १८०० किलो होते. अंतर वाढवायचे तर बॅटरी वाढवावी लागे, आणि बॅटरी वाढली की गाडीची बरीचशी शक्ती त्या बॅटरीचा भार वाहण्यातच खर्च होई.

दोन शक्तींचा मेळ

या पेचातून पोर्शे यांनी १९०० मध्येच वेगळी वाट काढली. त्यांनी मोटारीत दोन लहान पेट्रोल इंजिने बसविली. ही इंजिने चाकांना जोडलेली नव्हती. ती जनित्रे फिरवीत, जनित्रांतून वीज निर्माण होई आणि ती वीज चाकांतील मोटरींना व बॅटरीला मिळे. या मोटारीला ‘सेम्पर विवस’ असे लॅटिन नाव देण्यात आले. त्याचा अर्थ सदैव जिवंत. वीज संपली म्हणून ही गाडी वाटेत निपचित पडणार नव्हती. जगातील पहिल्या काही चालत्या हायब्रिड मोटारींमध्ये तिची गणना होते.

भारतीय वाचकांना या रचनेचे उदाहरण रेल्वेत सापडेल. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या रेल्वे इंजिनांतही डिझेल यंत्र चाके फिरवीत नाही. ते वीज निर्माण करते आणि विजेच्या मोटरी चाके फिरवितात.

पुढच्याच वर्षी या प्रयोगाला ‘मिक्स्ट’ या विक्रीयोग्य मोटारीचे रूप मिळाले. तिच्यात दोन लहान इंजिनांऐवजी एक मोठे इंजिन होते आणि बॅटरी लहान करण्यात आली होती. १९०२ मध्ये व्हिएन्नाजवळील एक्सेलबर्गच्या चढावाच्या शर्यतीत पोर्शे यांनी स्वतः ही मोटार चालवून आपल्या गटात यश मिळविले. त्याच वर्षी लष्करी सेवेत असताना त्यांनी युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांना अशाच मोटारीतून फिरविले. १९१४ मध्ये ज्यांच्या हत्येनंतर पहिले महायुद्ध पेटले, तेच हे युवराज.

पेट्रोलचा विजय

कल्पना उत्तम होती. व्यवहाराचे गणित मात्र जुळेना. एकाच गाडीत इंजिन, जनित्र, मोटरी आणि बॅटरी असे सारे काही असल्याने ती जड आणि महाग होई. दुसरीकडे पेट्रोलची इंजिने वर्षागणिक हलकी, भरवशाची आणि स्वस्त होत होती. १९०८ मध्ये अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रास संपला. विजेच्या मोटारीची उरलीसुरली सोयही त्यामुळे पेट्रोलच्या मोटारीला मिळाली.

पोर्शे १९०६ मध्ये ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत मुख्य रचनाकार झाले. १९१० ची प्रिन्स हेन्री शर्यत त्यांच्या पेट्रोल मोटारीने जिंकली. वीज आणि पेट्रोल यांचा मेळ त्यांनी सोडला नाही. फक्त त्याचा उपयोग बदलला. पहिल्या महायुद्धात त्यांच्या रचनेच्या गाड्या ऑस्ट्रियाच्या अवजड तोफा ओढू लागल्या. पुढच्या वाहनातील इंजिन वीज निर्माण करी आणि तारांमधून ती मागील गाड्यांच्या चाकांतील मोटरींना मिळे. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

लोकांची मोटार आणि हुकूमशहाची सोबत

१९२३ मध्ये पोर्शे श्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेले. तेथील मर्सिडीजच्या बलाढ्य मोटारींवर त्यांची छाप पडली. मालकांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्टमध्येच स्वतःचे रचना कार्यालय थाटले. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान मोटार हा त्यांचा ध्यास होता. एकामागून एक कंपन्यांनी तो अर्ध्यावर सोडून दिला. १९३३ मध्ये जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली आणि पोर्शे यांना आश्रयदाता मिळाला.

१९३४ मध्ये त्यांच्याकडे लोकांच्या मोटारीचे काम सोपविण्यात आले. मागील बाजूस हवेने थंड होणारे इंजिन असलेली ही मोटार पुढे फोक्सवॅगन बीटल म्हणून जगभर गेली. २००३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिचा आकडा २ कोटी १० लाखांपलीकडे गेला होता. परंतु ज्या जर्मन नागरिकांनी तिच्यासाठी दर आठवड्याला पैसे साठविले, त्यांपैकी एकालाही नाझी राजवटीत ती मोटार मिळाली नाही. कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि तेथे हजारो वेठबिगार कामगारांना जुंपण्यात आले. त्यांत छळछावण्यांतील कैदीही होते. पोर्शे त्या कारखान्याच्या संचालकांपैकी एक होते. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले होते आणि एसएस संघटनेतील हुद्दाही त्यांच्याकडे होता. त्यांच्या रचना कार्यालयाचे सहसंस्थापक आडोल्फ रोझेनबर्गर हे ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांना आपला वाटा सोडावा लागला आणि पुढे देशही सोडावा लागला. पोर्शे यांच्या चरित्रातील ही पाने टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांची तारुण्यातील कल्पना याच काळात रणगाड्यात अवतरली. टायगर रणगाड्याच्या स्पर्धेसाठी त्यांनी पेट्रोल इंजिन, जनित्र आणि विजेच्या मोटरी अशीच रचना सादर केली. ती गुंतागुंतीची होती आणि तिला तांबे फार लागे. १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीच्या साध्या रचनेला पसंती मिळाली. पोर्शे यांच्या तयार सांगाड्यांपैकी सुमारे ९० सांगाड्यांचे रणगाडाविरोधी वाहनांत रूपांतर झाले आणि त्यांना ‘फर्डिनांड’ हे त्यांचेच नाव मिळाले. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ती उतरली. धूर आणि गोंगाट टाळण्यासाठी जी वाट धरली होती, ती येथवर येऊन पोहोचली होती.

अखेरची वर्षे

युद्धानंतर १९४५ च्या अखेरीस फ्रान्सने पोर्शे यांना अटक केली. जामिनाची रक्कम भरल्यावर १९४७ मध्ये त्यांची सुटका झाली. तोवर प्रकृती खालावली होती. दरम्यान त्यांचे पुत्र फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे लहानशा जागेत काम सुरू केले होते. १९४८ मध्ये तेथे पोर्शे ३५६ ही पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार साकारली. १९५० मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी वोल्फ्सबर्गच्या कारखान्याला भेट दिली. रस्त्यावर त्यांना आपल्या रचनेच्या बीटल मोटारी सर्वत्र धावताना दिसल्या. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शंभर वर्षांनी परतलेली कल्पना

मिक्स्टनंतर जवळजवळ शतकभर हायब्रिड मोटार विस्मरणात गेली. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली. तिची बॅटरी लहान होती आणि ती गाडी चालत असतानाच भरली जाई. डिसेंबर २००८ मध्ये चीनमध्ये बीवायडीची आणि २०१० च्या अखेरीस अमेरिकेत शेवरोलेची व्होल्ट ही मोटार आली. या दोन्ही मोटारींची बॅटरी घरच्या विजेवर भरता येत होती. व्होल्ट केवळ विजेवर सुमारे ५६ किलोमीटर धावत असे. लोनर-पोर्शेच्या ५० किलोमीटरपासून हे अंतर फार दूर नाही. शहरातील माणसाच्या रोजच्या फेऱ्या तेव्हाही एवढ्यात बसत होत्या आणि आजही बसतात. २०११ मध्ये पोर्शे कंपनीने ‘सेम्पर विवस’ची चालती प्रतिकृती तयार केली आणि २०१३ मध्ये आपली पॅनामेरा ही मोटार प्लग-इन रूपात बाजारात आणली.

आज अशी मोटार घेऊ पाहणाऱ्यासमोर पोर्शे यांचेच जुने गणित आहे. घरापासून कार्यालय १५ किलोमीटरवर असेल तर रोजची ये-जा ३० किलोमीटरची होते. रात्री बॅटरी भरली तर हा प्रवास बहुतांशी विजेवर पार पडतो आणि पेट्रोल गावाला जाण्यापुरते लागते. घरातील जड उपकरणांसाठी असलेल्या सॉकेटवरून दहा-बारा युनिटची बॅटरी साधारणतः चार-पाच तासांत भरते. मात्र वाहनतळावर असे सॉकेटच नसेल, किंवा ते असूनही तार जोडण्याचा कंटाळा केला, तर तीच बॅटरी निव्वळ ओझे ठरते आणि पेट्रोलचे इंजिन ते ओझे रोज वाहत राहते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, प्लग-इन हायब्रिड मोटारींचे रस्त्यावरील प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघाले. मालक त्या अपेक्षेइतक्या वेळा चार्ज करीत नाहीत आणि विजेवर अपेक्षेपेक्षा कमी चालवितात, हे त्याचे प्रमुख कारण आहे.

ज्याची रोजची धाव ठरलेली आणि छोटी आहे, ज्याच्या दाराशी वीज आहे आणि ज्याला अधूनमधून दूर जावे लागते, त्याच्यासाठी ही मोटार उपयोगी आहे. ज्याला दूर क्वचितच जायचे असते, त्याला निव्वळ विजेची मोटार पुरते. ज्याच्याकडे चार्जिंगची सोय नाही, त्याने दोन यंत्रणांची किंमत मोजण्यात अर्थ नाही. बॅटरीचे वजन उपयोगी की निरुपयोगी, हे गाडीपेक्षा ती वापरणाऱ्याच्या दिनक्रमावर ठरते. १९०० मध्ये ४१० किलोची बॅटरी गाडीत बसविताना पोर्शे यांनाही हाच हिशेब मांडावा लागला होता.