सहा पाहिजे होती, पाचच उरली! कर्नल बेकविथ आणि वाळवंटातली ती रात्र

अमेरिकेच्या लष्करातले कर्नल चार्ली बेकविथ यांचा जन्म २२ जानेवारी १९२९ चा, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातला. कॉलेजात ते अमेरिकन फुटबॉल असा खेळले, की एका नामांकित व्यावसायिक संघानं त्यांना निवडलं. पण त्यांनी खेळ सोडून वर्दी धरली.

१९६२ साली ते ब्रिटनच्या एसएएस कमांडो पथकात गेले. मोजके पण निवडक जवान काय करू शकतात, हे तिथं पाहिलं. असं पथक आपल्याकडंही पाहिजे, असं ते वरिष्ठांना सांगत राहिले. बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. मधे १९६६ साली व्हिएतनाममध्ये पोटात मशिनगनची गोळी लागली. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण गडी वाचला. शेवटी १९७७ साली डेल्टा फोर्स उभी राहिली आणि तिची सूत्रं बेकविथ यांच्याकडं आली.

नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत पन्नासहून जास्त लोक ओलीस धरले गेले. त्यांना सोडवायचं काम डेल्टाकडं आलं. वाळवंटात विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरवायची, इंधन भरायचं आणि पुढं तेहरानजवळ जायचं, असा बेत होता.

२४ एप्रिल १९८० च्या रात्री निमिट्झ जहाजावरून ८ हेलिकॉप्टरं उडाली. वाटेत धुळीचे प्रचंड लोट लागले. तशी धूळ उठते हे हवामानवाल्यांना माहीत होतं, पण गुप्ततेपायी ते वैमानिकांपर्यंत पोचलंच नाही. एक हेलिकॉप्टर वाटेत सोडावं लागलं, एक माघारी फिरलं, एक पोचलं पण बिघडलेलं. चालू उरली ५. कमीत कमी पाहिजे होती ६.

पाचांत भागेल का, असं विचारलं गेलं. बेकविथ नाही म्हणाले. ज्या कामासाठी इतकी वर्षं काढली, ते त्यांनी स्वतःच थांबवलं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मंजुरी दिली. पण परत निघताना एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळलं. आगीत ८ जण गेले.

नंतर चौकशीत दोष बाहेर आले. हेलिकॉप्टरं नौदलाची, बहुतेक वैमानिक मरीनचे, विमानं हवाई दलाची, कमांडो लष्कराचे. सगळ्यांनी मिळून पूर्ण सराव एकदाही केला नव्हता. वाळवंटात नेमका हुकूम कुणाचा, हेही सगळ्यांना ठाऊक नव्हतं. चार घरचे बैल एकदम पेरणीच्याच दिवशी एका औताला जुंपावेत, तशी गत झाली.

अशा कामाला कायमचं, एकत्र सराव केलेलं दल पाहिजे, असं बेकविथ यांनी सिनेटपुढं सांगितलं. पुढं हेलिकॉप्टरांचं खास दल झालं आणि १९८७ साली सगळ्या खास पथकांची एक कमांडही झाली.

१९८१ साली ते निवृत्त झाले आणि १९९४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं वारले. ती मोहीम फसली, हे कायम त्यांच्या नावाला चिकटलं. पण त्या रात्री पाचांवर रेटून नेलं असतं, तर आणखी किती जीव गेले असते, हा हिशेबही त्यांच्याच नावावर धरला पाहिजे.