सबलीकरण आणि लोणीचे विठ्ठलराव

सबलीकरण हा शब्द परिपत्रकांत आणि व्याख्यानांत इतका झिजला आहे की, त्याचा अर्थ अनुदान असाच होऊन बसला आहे. मूळ अर्थ पाहावयाचा असेल, तर संगमनेरहून प्रवरेच्या काठाने खाली लोणीपर्यंत जावे. तेथील विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झालेले. तरी 1923 मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. कर्ज स्वस्त झाले हा तिचा लहान लाभ. सावकाराच्या वहीवर डोळे मिटून अंगठा उठविणारा कुणबी आपला हिशेब आपण विचारू लागला, हा मोठा.

1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले. संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी खालचे रान हिरवे केले. पण भाव ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे आला नाही. मंदीत गूळ मातीमोल झाला. कित्येकांनी जमिनी खाजगी साखर कंपन्यांना खंडाने दिल्या आणि काहींनी त्याच रानात मजुरी पत्करली.

1945 मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागायतदारांची परिषद भरली आणि सहकारी साखर कारखान्याची कल्पना मूळ धरू लागली. विठ्ठलराव भागभांडवलासाठी गावोगाव हिंडले. कर्जात रुतलेल्या माणसाकडे भागाचे पैसे मागावयाचे, हे धाडसच! पण फुकट मिळालेल्या कारखान्यावर कोणी मालकी सांगितली नसती. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला गळीत सुरू झाले. अध्यक्षपदी त्यांनी अर्थशास्त्रज्ञ गाडगीळांना बसविले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. विद्वानाला नोकर न मानता आणि देवही न मानता त्याच्याकडून काम शिकण्याची ही रीत आपल्या संस्थांत दुर्मिळच. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच, हा तेथील कायदा. 1961 मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. 1964 मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल उभे राहिले. 1980 मध्ये ते वारले.

मात्र या सबलीकरणाची सीमा कालव्याबरोबरच संपली, हेही नोंदविले पाहिजे. संगमनेरच्या पठारावर ते पाणी चढलेच नाही. आणि दूरच्या कोरडवाहू गावांतून ऊस तोडावयास येणारा मजूर त्या भागपत्राचा धनी झाला नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेऊनच तो आजही कोयता हाती धरतो.