काडतुसांचे प्राध्यापक : जॅक ओकॉनर

जॅक ओकॉनर यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील ॲरिझोनात झाला. तेथील विद्यापीठात ते वृत्तपत्रविद्या शिकवीत. पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात बंदुकांवर लिहून ते नामांकित झाले. मोठ्या शिकारीस जड, जाड गोळीच हवी, असे त्यांचे समकालीन एल्मर कीथ यांचे मत. ओकॉनर यांनी मात्र १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टर काडतुसाचा आयुष्यभर पुरस्कार केला. त्यातील १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ८.४ ग्रॅमची गोळी वेगाने जाते. मोठ्या काडतुसांपेक्षा खांद्याला धक्काही कमी बसतो. धक्क्याची धास्ती नसली की नेम ढळत नाही. नेम ढळला, तर गोळी कितीही जड असो, हरीण घायाळ होऊन रानात तडफडते. १९७८ साली ओकॉनर निवर्तले. काडतूस आपल्या हाताला पेलेल असेच निवडावे, हीच त्यांची शिकवण.