भाऊ दाजींचे अपुरे राहिलेले औषध

नाहूर, भांडुप, मुलुंडकडून मध्य रेल्वेने शहरात जाणाऱ्यांना भायखळा स्थानक नित्याचे. तेथील राणीच्या बागेच्या आवारात उभ्या असलेल्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. संग्रहालयाचे खंदे पुरस्कर्ते, पुराणवस्तूंचे अभ्यासक आणि दोनदा मुंबईचे शेरीफपद भूषविणारे नागरिक म्हणून भाऊ सर्वश्रुत आहेत. मात्र त्यांच्यातील डॉक्टरने कुष्ठरोगाशी मांडलेला झगडा फारसा कोणाला ठाऊक नाही.

रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ यांचा जन्म १८२२ साली गोव्यातील मांद्रे येथे, गरिबीत झाला. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन ते तेथेच शिक्षक झाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १८५१ साली पहिल्या तुकडीतून पदवी मिळविली. गोरगरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरने संस्कृत वैद्यकग्रंथही बारकाईने चाळले आणि त्यांतील वनस्पतींचे गुण रुग्णांवर पडताळण्यास सुरुवात केली.

कुष्ठरोग तेव्हा असाध्य मानला जाई. रोग्याला घर, गाव आणि नातीगोती, सारेच सुटत असे. अशा रोग्यांना भाऊंनी आपलेसे केले. त्यांच्या उपचाराचा बोलबाला झाला. परंतु औषध कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही. पुरेसा पडताळा येण्याआधी ते उघड करावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. गुप्त औषध वापरणे डॉक्टरला शोभत नाही, अशी टीका वैद्यकीय वर्तुळातून झाली. आपले निष्कर्ष सविस्तर मांडण्यापूर्वीच ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या औषधाचा आधार कडूकवठीच्या बियांचे तेल होते, असे पुढे मानले गेले.

या तेलात गुण होता, पण शरीर ते सहजी स्वीकारत नव्हते. कोणत्याही औषधाला शरीरात चार टप्पे पार करावे लागतात. प्रथम ते रक्तात शोषले जाते, मग रक्ताबरोबर निरनिराळ्या अवयवांत पसरते, मुख्यतः यकृतात त्याचे रूपांतर होते आणि अखेर लघवी वा पित्तावाटे ते बाहेर पडते. कडूकवठीचे तेल पहिल्याच टप्प्यावर अडत असे. पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या होत. त्यामुळे हवी तेवढी मात्रा महिनोन्महिने देणे कठीण. अंगाला चोळले तर फारच थोडे आत पोहोचे. पुढे ते सुईने टोचून पाहिले गेले, तेव्हा दाट तेल त्वचेखाली साठून वेदनादायक गाठी होऊ लागल्या.

या अडचणीवरील तोडगा भाऊंच्या निधनानंतर सुमारे चार दशकांनी निघाला. हवाई बेटांवर अॅलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ स्त्रीने त्याच कुळातील चौलमुगरा तेलातील आम्लांपासून टोचण्याजोगे, शरीरात शोषले जाणारे एथिल एस्टर तयार केले. १९१६ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिच्या पद्धतीने केलेले औषध मात्र १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधे येईपर्यंत कुष्ठरोग्यांचा मोठा आधार राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारातही शरीराचे हेच चार टप्पे दिसतात. डॅप्सोनची रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास साधारण एक दिवस लागतो. म्हणून ती गोळी रोज घ्यावी लागते. क्लोफाझिमिन चरबीत व त्वचेत साठते आणि कित्येक आठवडे शरीरात रेंगाळते. त्यामुळे त्वचा काळसर होते. रिफाम्पिसिन मात्र काही तासांतच शरीराबाहेर पडू लागते आणि लघवी नारिंगी होते. तरीही महिन्यातून एक मात्रा पुरते, कारण तिच्या तडाख्यातून फारच थोडे जंतू वाचतात आणि कुष्ठरोगाचे जंतू अतिशय मंद गतीने वाढतात. त्वचेच्या वा लघवीच्या बदललेल्या रंगाला घाबरून अनेक रुग्ण गोळ्या सोडतात, आणि बरा होणारा रोग मागे उरतो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेत हॅन्सन यांना १८७३ मध्ये दिसला, म्हणजे भाऊंच्या निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी. जंतूची ओळख नाही, रक्तातील औषध मोजण्याचे साधन नाही, अशा काळात त्यांनी हा झगडा दिला. त्यांची निरीक्षणे वेळीच सर्वांपुढे आली असती, तर तेलाच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादांचाही शोध मुंबईतच पुढे गेला असता का, हा प्रश्न उरतोच. असाध्य म्हणून सोडून दिलेल्या रोग्यांवरही पद्धतशीर उपचार करून पाहावेत, ही भाऊंची दृष्टी मात्र काळाच्या कसोटीवर खरी ठरली.